फकिरा: पराक्रम कुठे संपतो आणि दरोडा कुठे सुरू होतो?

अण्णाभाऊ साठे यांचा फोटो आता सगळ्यांनाच हवा आहे. १ ऑगस्टच्या बॅनरवर सत्तेतले असतात, विरोधातले असतात आणि ज्यांनी आयुष्यभर लाल बावट्याचा दुस्वास केला तेही हात जोडून उभे असतात. जालन्यात, अंबडला, परतूरला, भोकरदनला मिरवणुका निघतात, डीजे लागतो, पेढे वाटले जातात. फोटोला हार घालायला कुणाची ना नसते. पुस्तक उघडायचं म्हटलं की मात्र मंडप रिकामा होतो. आमचं म्हणणं साधं आहे: ज्यांना अण्णाभाऊ गिळायचे आहेत, त्यांना ते न वाचलेलेच सोयीचे आहेत.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, आणि ती आपल्या घरातली आहे. जालना जिल्ह्यात आम्ही काही कार्यकर्ते वस्त्यांमध्ये, विहारांमध्ये रविवारचा वाचन गट चालवतो. गटात बौद्ध मुलं जास्त, मातंग मुलं थोडी, एखाददुसरा वडार, पारधी. कुणी सळ्यांच्या कारखान्यात कामाला, कुणी स्पर्धा परीक्षेच्या तयारीत, कुणाचे आईबाप दिवाळीआधीच ऊसतोडीला गेलेले. 'फकिरा' वाचायला घ्यायचं ठरलं तेव्हा गटातला एक हुशार, वाचणारा, धम्माच्या कार्यक्रमात पुढे असणारा मुलगा म्हणाला, "दादा, ते त्यांचं पुस्तक आहे. आपल्याकडं पुस्तकं कमी आहेत का?" तिथे दोन मातंग मुलं बसली होती. ती काही बोलली नाहीत. पुढच्या रविवारी आली नाहीत.

हे 'त्यांचं' आणि 'आपलं' आधीही होतंच. पण १ ऑगस्ट २०२४ ला, नेमकं अण्णाभाऊंच्या जयंतीच्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली. तेव्हापासून व्हॉट्सॲपवर दोन्हीकडून जे चाललं आहे ते सगळ्यांना माहीत आहे. उपवर्गीकरणावर कायदा आणि आकडे पुढे ठेवून स्वतंत्रपणे बोललं पाहिजे. इथे तो विषय नाही. इथे एका कादंबरीबद्दल बोलायचं आहे, कारण ती कादंबरी ज्या पद्धतीने लिहिली आहे, त्या पद्धतीतच त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर आहे असं आम्हाला वाटतं. म्हणून विषय शैलीचा. अण्णाभाऊ काय म्हणाले हे भाषणांत पुष्कळ वेळा सांगून झालं. ते कसं म्हणाले, हे फारसं कुणी सांगत नाही.

'रंजक' नावाचं लेबल

'फकिरा' १९५९ साली प्रसिद्ध झाली. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. १९६३ साली तिच्यावर चित्रपट आला. वि. स. खांडेकरांची प्रस्तावना तिला आहे. म्हणजे ती कुणाच्या लक्षात आली नाही असं झालं नाही. ती लक्षात आली, वाचली गेली, हातोहात खपली. तरीही मराठी कादंबरीच्या चर्चेत तिच्यावर जो शिक्का बसला तो 'रंजक', 'अद्भुतरम्य', 'नाट्यमय' असा. मनोविश्लेषण नाही, माणसं काळी किंवा पांढरी, योगायोग फार, वेग फार. प्रस्थापित समीक्षेने अण्णाभाऊंना लोकशाहीर म्हणून गौरवलं आणि त्याच शब्दाने त्यांना कादंबरीकारांच्या पंगतीतून उठवलं.

गंमत पाहा. १९५९ हेच खांडेकरांच्या 'ययाति'चंही वर्ष. 'ययाति'त राजा स्वतःबद्दल बोलतो, देवयानी स्वतःबद्दल बोलते, शर्मिष्ठा स्वतःबद्दल बोलते. प्रत्येकाला आपलं मन उलगडून दाखवायला निवांत जागा आहे. तिकडे 'फकिरा'त कुणीच असं बसून मनाचा तळ शोधत नाही. माणसं ठरवतात आणि उठतात. समीक्षक याला उणीव म्हणतात. आम्ही विचारतो, ज्या माणसाला रोज सरकारदरबारी हजेरी द्यायची आहे, ज्याच्या घरात चूल पेटलेली नाही, त्याचं मन दाखवायची एकच रीत असते का? फकिराचं मन त्याच्या निर्णयात दिसतं. तो कुणाला मारतो, कुणाला सोडतो, लुटलेलं कुणाला देतो, यात त्याचं सगळं अंतरंग आलेलं आहे. शरणकुमार लिंबाळे यांनी दलित साहित्याच्या वेगळ्या सौंदर्यशास्त्राची मागणी केली ती याच कारणाने. मोजपट्टी ज्याच्या घरातली, त्याचंच कापड नेहमी पूर्ण भरतं.

तीन वेळा लूट, एकच सूर

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. वाटेगाव हे वारणेच्या खोऱ्यातलं गाव. शेजारच्या शिगावात जोगिणी आहे, म्हणून तिथे जत्रा भरते, तिथे मान आहे. जोगिणी जे गाव हिसकावून आपल्या शिवारात आणील त्या गावाची, असा रिवाज. वाटेगावच्या इभ्रतीसाठी राणोजी मांग शिगावातून जोगिणी आणतो आणि त्यात शिगावच्या खोताकडून मारला जातो. त्याचा मुलगा फकिरा मोठा होतो. शिगावकर जोगिणी परत न्यायला येतात तेव्हा फकिरा त्यांना अडवतो. पुढे दुष्काळ आणि रोगराई येते. माणसं उपाशी मरू लागतात. फकिरा मठकऱ्याचं धान्य लुटून वाटतो. मग इंग्रज सरकार, पोलीस, मांगांवर लादलेली हजेरी आणि तिला साथ देणारा रावसाहेब पाटील. मग बेडसगावचा सरकारी खजिना लुटला जातो. शेवटी सरकार फकिराच्या माणसांना कोंडतं आणि त्यांना सोडवण्यासाठी फकिरा आपणहून पुढे येतो.

आता रचना बघा. कादंबरीत मध्यवर्ती कृती एकच आहे, ती म्हणजे हिसकावून आणणं. ती पुन्हा पुन्हा येते. पहिल्यांदा हिसकावली जाते ती देवी. दुसऱ्यांदा धान्य. तिसऱ्यांदा खजिना. धाडस तेच, रात्र तीच, हत्यार तेच, जातही तीच. बदलतं ते एवढंच की आणलेली वस्तू कुणाच्या उपयोगाची आहे. देवी आणली तेव्हा फायदा गावाचा होता, जत्रा गावाची, मान पाटलाचा. म्हणून त्या कृतीचं नाव पराक्रम. धान्य आणलं तेव्हा फायदा मांगवाड्याचा, भुकेल्यांचा. म्हणून त्याच कृतीचं नाव दरोडा. खजिन्याला हात लागला तेव्हा तर संपूर्ण राज्ययंत्रणा अंगावर आली.

यात अण्णाभाऊंनी काय केलं? काहीच केलं नाही, आणि तेच त्यांचं सगळ्यात मोठं तंत्र आहे. निवेदकाने सूर बदलला नाही. जोगिणी आणताना निवेदनाची जी भाषा आहे, तीच धान्य लुटताना आहे. तीच छोटी वाक्यं, तीच घाई, तीच रात्र, घोड्याच्या टापांचा तोच ठेका, त्या माणसांबद्दलचा तोच अभिमान. निवेदक मधेच थांबून 'ही चोरी होती, पण नाइलाज होता' अशी माफी मागत नाही. 'कायद्याने चूक, माणुसकीने बरोबर' असा तराजू हातात घेत नाही. वाचक सुरुवातीच्या पानांत राणोजीच्या धाडसाला मनातल्या मनात टाळ्या देऊन बसलेला असतो. पुढे तेच धाडस फकिरा भाकरीसाठी करतो तेव्हा टाळ्या मागे घेणार कशा? घेतल्या तर वाचकाला स्वतःला सांगावं लागेल की आपल्याला धाडस आवडत नव्हतं, देवी आवडत होती. ही कोंडी भाषणाने तयार होत नाही. ती रचनेने तयार होते. कादंबरी रंजक आहे म्हणूनच ही कोंडी जमते. वाचक रंगला नसता तर सापडलाही नसता.

एमएला असताना आम्ही एरिक हॉब्सबॉम यांचा 'सामाजिक दरोडेखोर' हा विचार अभ्यासला. त्यांचं 'प्रिमिटिव्ह रेबेल्स' हे पुस्तकही योगायोगाने १९५९ चंच. सरकार आणि जमीनदार ज्याला गुन्हेगार म्हणतात, पण शेतकरी समाज ज्याला आपला मानतो, लपवतो, जेवू घालतो, असा बंडखोर. फकिराला 'रॉबिन हूड' म्हणणारे लोक हेच म्हणत असतात. पण एक गोष्ट या चौकटीत बसत नाही. हॉब्सबॉम यांचा शेतकरी समाज एकसंध आहे. आपल्याकडे गावाला कूस आहे, आणि कुसाच्या आत एक समाज आणि बाहेर दुसरा. गाव फकिराला आपला मानतं ते जोगिणीपुरतं. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी गावाबद्दलचं सगळं गोड चित्र झुगारून दिलं होतं, गाव म्हणजे संकुचितपणाचा आणि अज्ञानाचा अड्डा आहे असं स्पष्ट सांगितलं होतं. अण्णाभाऊ तेच सांगतात, पण गावावर टीका न करता. ते फक्त एकाच माणसाला गावासाठी आणि नंतर स्वतःच्या माणसांसाठी लढायला लावतात, आणि गाव काय करतं ते दाखवतात.

शाहिराने लिहिलेली कादंबरी

अण्णाभाऊंचं शाळेतलं शिक्षण नावापुरतंच. वडिलांसोबत ते मुंबईला आले तेही पायी. मिळेल ती मजुरी केली, गिरणीत काम केलं. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं केलं. तमाशाचं लोकनाट्य केलं, गणातला देव बाजूला करून तिथे मायभूमी आणि माणसं आणली. हजारोंच्या गर्दीपुढे, माइक बिघडला तरी ऐकू जाईल अशा आवाजात गोष्ट सांगायची कला त्यांच्या अंगात मुरलेली होती. ही कला त्यांनी कादंबरीत आणली. 'फकिरा'ची बांधणी पोवाड्याची आहे हे एकदा लक्षात आलं की बरेच आक्षेप गळून पडतात.

पोवाड्यात आधी घराणं सांगतात. इथेही दौलती, राणोजी, फकिरा अशा तीन पिढ्या आहेत. पोवाड्यात वीराचा घोडा आणि वीराचं हत्यार यांना नाव आणि मान असतो. इथे गबऱ्या घोडा आहे, घराण्यात चालत आलेली तलवार आहे. पोवाडा ऐकणाऱ्याला पान मागे उलटून पाहता येत नाही, म्हणून शाहीर माणूस एकदाच ठळक उभा करतो आणि त्याचं नाव पुन्हा पुन्हा घेतो. समीक्षक ज्याला 'काळी-पांढरी पात्रं' म्हणतात ती या गरजेतून आलेली आहेत. पोवाड्यात शाहीर नेमका चढाच्या जागी थांबतो आणि झीलकरी पुढचं उचलतात. अण्णाभाऊंची प्रकरणं अशीच चढाच्या जागी तुटतात.

हे आम्ही नुसतं तर्काने सांगत नाही. घनसावंगी तालुक्यातल्या एका वस्तीत आम्ही 'फकिरा' मोठ्याने वाचली. आधी चार पोरं होती, तिसऱ्या दिवशी ओटा भरला. हलगी वाजवणारे एक आजोबा रोज येऊन बसायचे. त्यांना वाचता येत नाही. वाचणारा पोरगा धाडीच्या प्रसंगात घाई करायला लागला की ते हात वर करायचे, "हळू घे रं, आता घोडा येणार." आणि घोडा यायचा. पुस्तक त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. पण गोष्टीचा ठेका त्यांच्या हाताला माहीत होता. ज्या कादंबरीचा ठेका हलगीवाल्याला कळतो आणि प्राध्यापकाला कळत नाही, तिच्या शैलीत दोष आहे की प्राध्यापकाच्या कानात, हे तुम्हीच ठरवा.

भाषा: कोण कसं बोलतं?

जुन्या मराठी कथा-कादंबऱ्यांत महार-मांग आले की दोनच प्रकारे यायचे. कमरेत वाकून जोहार घालणारे, नाहीतर वाचकाला हसू यावं म्हणून वेडंवाकडं बोलणारे. अण्णाभाऊंनी हे दोन्ही मोडलं. 'फकिरा'चं निवेदन साध्या, प्रमाण मराठीत आहे, आणि मांगाच्या तोंडी हसं करणारी भाषा नाही. राणोजी बोलतो, दौलती बोलतो, राधा बोलते ते थोडकं, ठाम आणि समोरच्याच्या डोळ्यात डोळे घालून. पाटलाच्या वाक्याला जेवढं वजन, तेवढंच मांगाच्या वाक्याला. गावात जी बरोबरी नव्हती ती संवादात आणून ठेवली.

उपमाही बघा. वारा, अंधार, पाऊस, डोंगर, वाघ. संस्कृत काव्यातले चंद्र आणि कमळं इथे नाहीत. शिवारात रात्रीबेरात्री हिंडणाऱ्याला जे दिसतं, ऐकू येतं, तेवढंच. प्रसंगाआधी निसर्ग येतो तो सजावट म्हणून येत नाही. अंधार कसा आहे, वारा कुठून येतो, हे धाड घालणाऱ्याच्या कामाचं असतं. म्हणजे वर्णनही त्यांच्या बाजूने उभं आहे.

हजेरी

कादंबरीतला सगळ्यात काळा भाग हजेरीचा आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी पूर्ण जातींनाच जन्माने गुन्हेगार ठरवलं. माणूस काय करतो ते बघायचं नाही, कुठे जन्मला ते बघायचं. जन्मावरून धंदा ठरवणारी व्यवस्था इथे आधीच होती, इंग्रजांनी जन्मावरून गुन्हा ठरवला. दोघांचं जमलं यात नवल नाही. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'च्या प्रस्तावनेत अस्पृश्य, आदिम जमाती आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमाती यांचा प्रश्न एकत्रच मांडला आणि अशी माणसं तयार करणाऱ्या संस्कृतीलाच जाब विचारला.

अण्णाभाऊ या कायद्यावर निबंध लिहीत नाहीत. ते एक दिवस दाखवतात, मग तसाच दुसरा दिवस. ज्या फकिराने गावाची इभ्रत राखली त्याच्याच माणसांना त्याच गावात दिवसातून पुन्हा पुन्हा हजर व्हावं लागतं. पहिल्या भागातला वेग इथे मुद्दाम अडतो. माणसं अडकली की वाक्यंही अडकतात. आणि शेवटी फकिरा स्वतःहून सरकारपुढे उभा राहतो. ज्यांना रोज बळजबरीने हजेरी द्यायला लावली, त्यांच्यासाठी एकजण स्वतःच्या इच्छेने हजर होतो. आधी तीनदा हिसकावून आणलं, चौथ्यांदा स्वतःला देऊन टाकलं. हा शेवट भाबडा आहे असं काहींना वाटतं. आम्हाला तो रचनेचा शेवटचा टाका वाटतो.

कायदा १९५२ ला रद्द झाला. पण 'फकिरा' आली त्याच १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. नाव बदललं, नजर तीच राहिली. जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्यात आम्ही एका पारधी मुलासाठी अर्धी रात्र बसलो आहोत. दहा-बारा किलोमीटरवर मोटारसायकल चोरीला गेली होती आणि वस्तीवरची चार पोरं उचलली होती. तक्रारीत कुणाचं नाव नव्हतं. आम्ही विचारलं, "संशय कशावरून?" उत्तर आलं, "वस्ती कोणती आहे ते बघा ना." पहाटे सोडलं. त्या पोरांपैकी एकजण आता वाचन गटात येतो. हजेरीचा भाग त्याने वाचला आणि म्हणाला, "हे जुनं आहे का?" त्याला आम्ही काय सांगणार?

आमची भांडणं

आंबेडकरी वाचकाने अण्णाभाऊंना डोक्यावर घेऊन नाचू नये, वाचावं, आणि वाचताना भांडावं. आमची तीन भांडणं आहेत.

पहिलं, जोगिणी. राणोजी ज्या देवीसाठी मरतो तिने मांगवाड्याला काय दिलं? जत्रा भरली, गाव सुखावलं, राधा विधवा झाली. अण्णाभाऊ राणोजीच्या मरणाला वीरमरण म्हणूनच लिहितात, त्या मरणाच्या व्यर्थतेवर थेट बोट ठेवत नाहीत. १९५६ नंतर बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या वाचकाला हे खुपतं, खुपायलाच पाहिजे. पण कादंबरी जोगिणीपाशी थांबली असती तर हे भांडण मिटलं नसतं. ती तिथे थांबत नाही. देवीसाठी मरणाऱ्या बापाचा मुलगा धान्यासाठी लढतो. एका पिढीत एवढं अंतर कापलं आहे.

दुसरं, विष्णुपंत कुलकर्णी. उदार, न्यायी, भुकेल्यांच्या बाजूने उभा राहणारा ब्राह्मण. असा एखादा माणूस असू शकतो, नव्हे होते. पण कादंबरीत मांगांना जगा म्हणून सांगणारा, त्यांच्या बाजूने साहेबाशी बोलणारा तोच, हे आम्हाला खटकतं. परवानगी वरून का यावी? अण्णाभाऊ ज्या साम्यवादी चळवळीत घडले तिथे वर्गाचं चित्र मोठं होतं आणि जातीचं चित्र त्यात सामावून जाईल असं मानलं जायचं. विष्णुपंत त्या विश्वासातून आला असावा असं आमचं मत आहे.

तिसरं, बायका. राधा खंबीर आहे, पण ती आई म्हणून आणि वीरपत्नी म्हणूनच कादंबरीत उभी राहते. भुकेचा हिशेब घरात बायका करतात, तो हिशेब या कादंबरीत पुरुषांच्या तोंडून येतो. अण्णाभाऊंनी 'चित्रा', 'वैजयंता' अशा बायकांना मध्यभागी ठेवणाऱ्या कादंबऱ्या लिहिल्या, म्हणून हे इथे जास्त जाणवतं.

ही भांडणं केल्याने अण्णाभाऊ लहान होत नाहीत. वयाची ४९ वर्षं पूर्ण व्हायला दोन आठवडे असताना, १८ जुलै १९६९ ला ते गेले. तेवढ्या आयुष्यात तीसहून जास्त कादंबऱ्या, कथा, लोकनाट्यं, पोवाडे, आणि बराच काळ घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत. पोटासाठी घाईने लिहिलेलं त्यात आहे, एकच प्रसंग वेगवेगळ्या कादंबऱ्यांत फिरून येतो. ते मान्य करूनही 'फकिरा'ची रचना ही घाईत जमलेली गोष्ट नाही असं आम्ही म्हणतो.

अर्पणपत्रिका आणि 'आपण'

पुस्तकाचं सगळ्यात छोटं पान सगळ्यात शेवटी. 'फकिरा' अर्पण केली आहे ती बाबासाहेबांच्या लढाऊ लेखणीला. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. लाल बावट्याखाली वाढलेला, मातंग घरात जन्मलेला लेखक आपली सगळ्यात महत्त्वाची कादंबरी बाबासाहेबांच्या पुतळ्याला किंवा पक्षाला नाही, लेखणीला अर्पण करतो. त्याआधीच्या वर्षी, १९५८ मध्ये, मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटनही त्यांनीच केलं होतं. पृथ्वी शेषाच्या डोक्यावर नाही, दलित आणि कष्टकऱ्यांच्या हातावर उभी आहे, असं त्यांनी तिथे सांगितलं. त्या संमेलनात त्यांना कुणी 'त्यांचा माणूस' म्हणून बोलावलं नव्हतं.

मराठीला एक सोय आहे जी पुष्कळ भाषांना नाही. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तो आत येतो. श्रेणीबद्ध विषमतेचं काम असं चालतं की प्रत्येक पायरीवर 'आम्ही' तयार होतो आणि 'आपण' कुठेच तयार होत नाही. बाबासाहेबांनी हे आयुष्यभर सांगितलं. आपण त्यांची लेकरं म्हणवतो आणि एका पायरीवर उभं राहून शेजारच्याला 'ते' म्हणतो.

मराठवाड्याच्या तरुणांना एक नाव पाठ असायला हवं. १९७८ च्या जुलैमध्ये विद्यापीठ नामांतराचा ठराव झाला आणि गावोगाव दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. त्या दंगलीत नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांचा खून झाला. ते मातंग होते. त्यांचा गुन्हा जयभीम म्हणण्याचा होता. ज्या विद्यापीठाच्या पदव्या आज आमच्या भिंतीवर आहेत त्याच्या नावासाठी ज्यांनी जीव दिला, त्यांच्या समाजाचं पुस्तक 'त्यांचं' कसं होतं?

म्हणून येत्या वर्षभरात प्रत्येक तालुक्यात एका तरी विहारात 'फकिरा' मोठ्याने वाचली जावी, असं आमचं आवाहन आहे. मनात वाचू नका, ती ऐकायची कादंबरी आहे. मातंग वस्तीतल्या मुलांना पाहुणे म्हणून बोलावू नका, वाचक म्हणून बोलवा. त्यांच्या वस्तीत वाचन असेल तर आपण जाऊन ऐकायला बसा. वाचताना तीन प्रश्न विचारा: इथे काय हिसकावलं गेलं? ते कुणाच्या उपयोगाला आलं? आणि गावाने त्याला काय नाव दिलं? हे तीन प्रश्न एकदा सवयीचे झाले की उद्याची बातमी वाचतानाही ते आपोआप मनात येतील, मग ती गायरानावरच्या अतिक्रमणाची असो, ऊसतोड मुकादमाने कोंडून ठेवलेल्या जोडप्याची असो किंवा एखाद्या वस्तीवर पडलेल्या पोलिसांच्या धाडीची.

जयभीम! जय लहुजी!